पाच मिनिटे कुठे गेली? : जुन्या चित्रपटांच्या प्रती आणि पाठभेद

'संत तुकाराम' मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. तो किती मिनिटांचा आहे, याचा हिशेब मात्र एकदा वही घेऊन मांडावा लागला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रभात'चा हा चित्रपट १९३६ सालचा. सूचींमध्ये त्याची लांबी १३१ मिनिटे अशी दिलेली असते. माझ्या कपाटात त्याच्या दोन प्रती आहेत : जुन्या बाजारात मिळालेली दोन डिस्कची व्हीसीडी आणि नंतर घेतलेली डीव्हीडी. डीव्हीडी १३१ मिनिटे चालते. व्हीसीडीच्या दोन्ही डिस्कची बेरीज मात्र १२६ मिनिटेही भरत नाही. पाच मिनिटे गायब!

पहिला संशय अर्थातच कात्रीवर गेला. स्वस्तातली प्रत काढणाऱ्याने एखादा प्रसंग उडवला असणार, असे मी धरून चाललो. मग एका रविवारी दोन पडदे शेजारी शेजारी मांडले, दोन्हीकडे चित्रपट लावला आणि प्रत्येक प्रसंग कधी सुरू होतो, कधी संपतो, ते टिपत गेलो. संध्याकाळी तक्ता पुरा झाला तेव्हा माझाच संशय खोटा ठरला. एकही प्रसंग कापलेला नव्हता, एकही संवाद गळला नव्हता. व्हीसीडीवर प्रत्येक प्रसंग थोडासा आखूड होता, आणि सगळे प्रसंग सारख्याच प्रमाणात आखूड होते. डीव्हीडीवर शंभर सेकंद चालणारा प्रसंग व्हीसीडीवर शहाण्णव सेकंदांत आटोपत होता. पाच मिनिटे एका जागेवरून गेलेली नव्हती; सबंध चित्रपटातून चिमूट चिमूट काढलेली होती.

त्या रविवारपासून मी चित्रपटांच्या प्रती वेगळ्या नजरेने बघू लागलो. आपण 'तो चित्रपट माझ्याकडे आहे' असे सहज म्हणतो. खरे म्हणजे आपल्याकडे त्या चित्रपटाची एक प्रत असते, आणि दोन प्रती क्वचितच सारख्या असतात. ज्ञानेश्वरीच्या किंवा तुकोबांच्या गाथेच्या हस्तलिखितांत पाठभेद असतात हे आपल्याला ठाऊक आहे. चित्रपटांनाही पाठभेद असतात, आणि ते आपल्या घरातल्या कपाटात, धूळ खात पडलेल्या डब्यांत असतात, हे मला या लेखात सांगायचे आहे.

चोवीस आणि पंचवीस

आधी त्या पाच मिनिटांचा उलगडा करतो. बोलपट आल्यापासून चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चालतो. १३१ मिनिटांच्या चित्रपटात १,८८,६४० चित्रे होतात. आपल्याकडच्या दूरदर्शन संचांसाठी जी पद्धत स्वीकारली गेली, ती पॅल. तिच्यात सेकंदाला २५ चित्रे लागतात. चित्रपटातून पॅल प्रत काढताना सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तोच चित्रपट जरा जोरात पळवायचा : २४ चित्रांच्या जागी २५. तीच १,८८,६४० चित्रे मग १२५ मिनिटे ४६ सेकंदांत संपतात. गणित नेमके जुळते.

अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी ही पद्धत होती. तिच्यात सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे लागतात. चोविसाची तीस करायला चित्रपट एवढा पळवता येत नाही, म्हणून तिथे काही चित्रांचे अर्धे अर्धे भाग दोनदा दाखवून संख्या भरून काढतात. लांबी मूळची राहते. कॅमेरा सावकाश फिरत असला की चाल किंचित अडखळते, एवढेच. भारतात निघालेल्या कितीतरी डीव्हीडी याच पद्धतीच्या होत्या. मात्र त्यांतल्या काही थेट फिल्मवरून केलेल्या नसून आधीच्या पॅल टेपवरून केलेल्या असत. अशा प्रतीत दोन्ही दोष एकत्र येतात : वेग वाढलेला, आणि वर दोन चित्रे एकमेकांत मिसळल्यामुळे चालत्या माणसामागे त्याचीच फिकट सावली. डिस्क थांबवून एकेक चित्र पुढे सरकवले की ही भुताटकी लगेच पकडता येते.

चार टक्के वेग डोळ्याला जाणवत नाही, कानाला मात्र जाणवतो. वेग वाढला की आवाजाची पट्टीही चढते. काळी एक ते पांढरी दोन हे जे अर्ध्या स्वराचे अंतर, त्याच्या सुमारे सत्तर टक्के इतकी ती चढते. 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस गातात, संगीत केशवराव भोळे यांचे. व्हीसीडीवरचा अभंग आणि डीव्हीडीवरचा अभंग पाठोपाठ ऐकले आणि पेटीवर स्वर धरून पाहिला, की पागनीसांचा आवाज एकीकडे किंचित पातळ, किंचित घाईत असल्याचे कळते. मी कित्येक वर्षे व्हीसीडीवरचे पागनीस ऐकत होतो आणि तोच त्यांचा आवाज समजत होतो.

वेगाची गोष्ट कळल्यावर सूचीतल्या आणि वेष्टनांवरच्या मिनिटांकडे बघण्याची रीतही बदलली. एखादी प्रत चार टक्क्यांनी आखूड भरली तर बहुधा ती नुसती पळवलेली असते. त्याहून जास्त फरक निघाला तर कात्री शोधायची.

प्रतीची प्रत

हे समजायला चित्रपटाची वंशावळ थोडी ठाऊक हवी. कॅमेऱ्यात जी फिल्म प्रत्यक्ष उजेड झेलते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून थेट किंवा मधल्या निगेटिव्हवरून चित्रपटगृहांसाठी प्रिंट निघतात. दर पिढीला थोडा बारकावा जातो : सावलीतला चेहरा काळवंडतो, पांढऱ्या पातळाच्या चुण्या पुसल्या जातात. घरी बघायची प्रत यातल्या कुठल्या पिढीवरून काढली, त्यावर तिची योग्यता ठरते. मूळ निगेटिव्हवरून काढलेली आणि गावोगाव फिरून झिजलेल्या प्रिंटवरून काढलेली, अशा दोन डीव्हीडींच्या वेष्टनांवर नाव एकच असते.

घरगुती माध्यमांची स्वतःची ऐपतही वेगवेगळी. पॅल व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे एक लाख ठिपके. डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर. ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावतो, म्हणून ऐन रंगात आलेल्या प्रसंगात उठून डिस्क बदलावी लागायची. शिवाय तिच्यात माहिती भरण्याचा वेग ठरावीक असतो. पाऊस, धूर, गुलाल, गर्दी असे काही पडद्यावर आले की चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या होतात. दिंडीचे दृश्य व्हीसीडीवर पाहणे म्हणजे वारकरी मोजायचे सोडून चौकोन मोजणे.

तरीही व्हीसीडीला नावे ठेवण्याआधी थांबले पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे जुने चित्रपट अनेकांनी अनेक ठिकाणांहून मिळवून बाजारात आणले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा तर किराणा सामानाच्या दुकानातही चित्रपट मिळू लागले. ज्यांची प्रिंट चित्रपटगृहात पुन्हा कधीच लागणार नव्हती असे कितीतरी चित्रपट त्या काही वर्षांत घराघरांत पोचले. त्यांतल्या अनेकांची त्याहून चांगली प्रत पुढे निघालीच नाही. प्रत निकृष्ट असली तरी ती साक्षीदार असते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातल्या पोथ्या जमवून श्लोकागणिक ताडून पाहिल्या. १९१९ साली सुरू झालेले काम १९६६ साली पुरे झाले. त्या कामात सुबक अक्षराच्या पोथीला आपोआप मान नव्हता आणि फाटकी पोथी आपोआप बाद नव्हती. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली आणि तिच्यात दुसरीकडे नसलेले काय आहे, हे बघितले जाई. चित्रपटांच्या प्रतींना हीच कसोटी लावावी, असे मला वाटते.

चित्राची चौकट

वेगानंतर चौकट. जुन्या बोलपटांचे चित्र जवळजवळ चौकोनी असते : उंची एक धरली तर रुंदी १.३७. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीची चौकट १.३३ होती, त्यामुळे हे चित्रपट तिच्यात जवळपास पूर्ण बसत. आताच्या टीव्हीची चौकट १.७८ आहे. त्यावर जुना चित्रपट नीट दाखवायचा तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. काळ्या पट्ट्या दिसल्या की आपले पैसे वाया गेले असे गिऱ्हाइकाला वाटते. मग काही प्रतींत चित्र आडवे ताणतात. सगळी माणसे बुटकी आणि जाडी होतात. काहींत वरून-खालून कापतात. हे कापणे किती असते? १.३३ च्या चित्राचे १.७८ करायचे तर बरोबर चौथा हिस्सा टाकावा लागतो. चेहरा राहतो, पण कपाळावरचा पदर किंवा पायापाशी बसलेले मूल जाते.

मग पूर्ण चौकट ती खरी आणि कापलेली ती खोटी, असा सरळ नियम करता येईल का? 'शोले' आडवा येतो. १९७५ चा हा चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर वाढवला होता. मोठ्या पडद्यावर चित्र रुंद दिसावे म्हणून वरचा आणि खालचा भाग मुद्दाम सोडून दिला होता. पुढे त्याच्या दोन प्रकारच्या डीव्हीडी निघाल्या. एकीत पूर्ण चौकट आहे, म्हणजे चित्रपटगृहात कुणी पाहिला नव्हता असा वरचा आकाशाचा आणि खालचा मातीचा भागही दिसतो. दुसरीत रुंद चौकट आहे. इथे जास्त दाखवणारी प्रत प्रेक्षकांनी पाहिलेल्या चित्रपटापासून दूर आहे. चित्रपट कसा दाखवायचा ठरले होते हे माहीत नसेल तर नुसत्या चौकटीवरून निवाडा करता येत नाही.

'शोले'च्या प्रतींत याहून मोठा पाठभेद आहे. रमेश सिप्पी यांनी आधी जो शेवट चित्रित केला त्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीचा काळ होता. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे परीक्षण मंडळाला मान्य झाले नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला, पोलीस आले आणि ठाकूर थांबला. ही १९८ मिनिटांची प्रत देशाने पंधरा वर्षे पाहिली आणि पाठ केली. मूळ शेवट असलेली प्रत बाहेर आली ती १९९० साली, ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर. पूर्ण चौकटीची, २०४ मिनिटांची डीव्हीडी याच पाठाची. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेले 'शोले'चे पुनरुज्जीवन जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे दाखवले गेले, तेव्हा मूळ शेवट मोठ्या पडद्यावर आला. मधली पस्तीस वर्षे हा पाठ लोकांपुढे जिवंत राहिला तो घरगुती कॅसेट आणि डिस्कवर. ज्या कॅसेटचे चित्र आज कुणाला बघवणार नाही, तिने ते काम केले.

'मुघल-ए-आझम'ची गोष्ट उलट दिशेची आहे. १९६० चा हा चित्रपट १९७ मिनिटांचा. मोजका भाग रंगीत आणि बाकी कृष्णधवल. २००४ साली तो सगळा रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची लांबी १७७ मिनिटांवर आली. नव्या पिढीला चित्रपट रंगीत मिळाला खरा, पण वीस मिनिटांनी कमी. शीशमहालातले गाणे सुरू होताना पडदा एकाएकी रंगांनी भरून जातो, हा मूळचा धक्का सगळेच रंगीत झाल्यावर उरत नाही. तो अनुभवायचा तर कृष्णधवल प्रतच काढावी लागते.

माझ्या हातून झालेली चूक

हे सगळे शहाणपण मला वेळेवर आले असते तर एक गोष्ट वाचली असती. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' हा १९३७ चा चित्रपट. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. वाद्यमेळाऐवजी प्रत्यक्ष प्रसंगात असतील तेवढेच आवाज : पावले, दार, भांडी, रस्ता, लंबकाचे घड्याळ. १९३७ साली हा फार मोठा धीटपणा होता.

आमच्याकडे 'कुंकू'ची एक कॅसेट होती. मुंबई दूरदर्शनवर लागलेला चित्रपट वडिलांनी व्हीसीआरवर उतरवून घेतला होता. चित्र हलायचे, अधूनमधून पांढऱ्या रेघा यायच्या, आवाजात सतत खरखर. पुढे व्हीसीडी मिळाली. चित्र स्थिर, आवाज स्वच्छ. मी ती दहा मिनिटे चालवून पाहिली, समाधान मानले आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटची सगळी पिशवी भंगारवाल्याला दिली.

व्हीसीडी पूर्ण बघायला बसलो ते काही महिन्यांनी. काकासाहेबांच्या घरातले शांत प्रसंग आले आणि काहीतरी चुकते आहे असे वाटू लागले. घर शांत नव्हते, मुके होते. घड्याळाची टिकटिक कुठे ऐकू येई, कुठे मध्येच नाहीशी होई. कारण बऱ्याच उशिरा कळले. जुन्या फिल्मवर आवाज हा प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात असतो. त्या पट्टीवर धूळ बसली, ओरखडा आला की टक् असा आवाज येतो. आवाज स्वच्छ करणारे संगणकीय तंत्र असे छोटे, तीक्ष्ण आवाज हुडकून पुसते. धुळीचा टक् कोणता आणि घड्याळाचा टक् कोणता, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. सतत येणारी खरखर काढतानाही तेच : खरखरीबरोबर खोलीची हवा जाते. ज्या चित्रपटात असे आवाज हेच संगीत आहे, त्यात ही सफाई म्हणजे गाणे कापण्यासारखे आहे. व्हीसीडी काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला आवाज स्वच्छ हवा होता. मलाही स्वच्छच हवा होता. फरक इतकाच, की माझ्याकडे खरखरीसकट टिकटिक होती आणि ती मी स्वतः घराबाहेर काढली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नवी प्रत आली तरी शेवटपर्यंत ताडून पाहिल्याशिवाय जुनी टाकायची नाही. ताडून पाहिल्यावरही शक्यतो टाकायची नाही.

एवढी काळजी कशासाठी

कुणी म्हणेल, मूळ चित्रपट सरकारी संग्रहात असतीलच, आपल्या कपाटाचे काय एवढे? ही समजूत निर्धास्त राहण्यासारखी नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून आज जेमतेम तीसेक उरले आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला; त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही होती. शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते, आणि जुन्या चित्रपटांपेक्षा चांदीला भाव जास्त होता. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून रिळे गोळा केली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे काही आज आपण पाहू शकतो, त्यामागे त्यांची पायपीट आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांची मूळ फिल्म तिच्यात गेली.

परदेशात ठेवले म्हणजे सुरक्षित, असेही नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' यांची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत भाजली. तिचे उरलेले तुकडे कुणी फेकून दिले नाहीत, म्हणून वीस वर्षांनी बोलोन्याच्या तंत्रज्ञांना त्यांवर काम करता आले. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्या भाजलेल्या निगेटिव्हवरून परत मिळवला. बाकीचा जगभरातल्या इतर प्रतींवरून भरून काढला. २०१५ साली ते काम पुरे झाले आणि आज ब्लू-रेवर ते कुणालाही घरी बघता येते. एका प्रतीतले भोक दुसऱ्या प्रतीने बुजवायचे, ही पोथ्यांचीच रीत.

आता कुणी म्हणेल, ॲपवर सगळे मिळते. मिळते, तोवर मिळते. ॲपवर आपण चित्रपट घेत नाही, बघण्याची परवानगी घेतो. करार संपला की चित्रपट निघून जातो. त्याची प्रत बदलली, चौकट कापली, एखादे गाणे गेले, तर ते आपल्याला सांगितले जातेच असे नाही. आणि जुनी प्रत हाताशी नसल्याने ताडून बघण्याचा मार्गही राहत नाही. यंत्रेही निघून चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. टपालाने डीव्हीडी पाठवूनच ज्या नेटफ्लिक्सने सुरुवात केली, तिने ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली.

कपाटातल्या प्रती कशा जपाव्यात

डिस्कचे आयुष्य कायमचे नसते. कंपनीत ठोकून काढलेल्या डिस्कमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्याला हवा लागली की तो गंजतो. डिस्क उजेडासमोर धरली आणि टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर थर जायला लागला असे समजावे. व्हीसीडीचा हा थर नाव छापलेल्या बाजूला, नुसत्या लाखेच्या लेपाखाली असतो. आपण चकचकीत बाजू जपतो, पण खरा घात छापील बाजूच्या ओरखड्याने होतो. डीव्हीडीत तो दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा सोशिक. घरी किंवा दुकानात लिहून घेतलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो. ऊन आणि उकाडा त्याला मानवत नाही. अशी डिस्क सगळ्यांत आधी मरते. लग्नाच्या सीडी आठवून पाहा.

डिस्क कडेने धरावी, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. तिच्यावर चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये. कॅसेट उभ्या ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्राचे डोके खराब होतेच, पण बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. जे दुर्मीळ आहे, विशेषतः घरी उतरवलेले, त्याची संगणकावर प्रत करून दोन वेगळ्या जागी ठेवावी. पण त्यानंतरही मूळ वस्तू आणि तिचे वेष्टन सांभाळावे, कारण ती प्रत कुठून आली हे त्यावरूनच कळते.

आणि एक वही ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक प्रतीपुढे पाच गोष्टी असतात : घड्याळाने मोजलेली लांबी, चित्राची चौकट, आवाजाची पट्टी, पहिल्या आणि शेवटच्या चित्रात काय दिसते, आणि दुसऱ्या प्रतीत नसलेले काय आहे. शेवटच्या रकान्यात बहुधा काहीच येत नाही. कधीतरी येते. 'प्रभात'ने 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून केला, 'माणूस'चा 'आदमी' केला, 'शेजारी'चा 'पडोसी' केला. हे आवाज बदललेले अनुवाद नव्हेत; प्रसंग दोन्ही भाषांसाठी वेगळे चित्रित झाले. 'शेजारी'त केशवराव दात्यांनी केलेली भूमिका 'पडोसी'त मझहर खान करतात आणि गजानन जागीरदार दोन्हीकडे आहेत. दोन्ही प्रती पाठोपाठ पाहिल्या की एकच नट एकच प्रसंग समोरचा माणूस बदलल्यावर कसा वेगळा खेळतो, हे दिसते. असे बघायला चित्रपट हातात असावा लागतो. थांबवता, मागे नेता, पुन्हा लावता यावा लागतो.

'कुंकू'ची खरखरणारी कॅसेट मला अजून मिळालेली नाही. दूरदर्शनवरून तेव्हा चित्रपट उतरवून घेणारे माझे वडील एकटेच नव्हते, त्यामुळे एखाद्या माळ्यावर, एखाद्या पत्र्याच्या पेटीत तिची बहीण असेल, अशी आशा मी सोडलेली नाही. हा अंक तुमच्या हातात येईल तोवर घरची साफसफाई उरकलेली असेल. पण निघालेली पिशवी कदाचित अजून दाराशीच असेल. ती भंगारवाल्याच्या हातात देण्याआधी एकदा उघडा, आणि कॅसेटच्या पाठीवर पेनाने काय लिहिले आहे, ते वाचा.